माठ गार होईना, तर कांदा उपटू नका

आमच्या पडवीत उत्तरेच्या भिंतीला दोन थर्मामीटर टांगलेले आहेत. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला सुती चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेलं. खाली तिवईवर माठ. पहाटे सहाला आणि दुपारी तीनला मी या तिघांपाशी जाते, आकडे वहीत लिहिते आणि मग शेतातलं काम ठरवते.

पिंपळगाव बसवंतच्या जवळ आमचं गाव. तीन एकर द्राक्षं, दोन एकर उन्हाळ कांदा, दोन गाई. वही 2014 पासूनची आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारा पडल्या आणि आमची तोडणीला आलेली बाग अर्ध्या तासात गेली. पावसाचा अंदाज आम्ही रेडिओवर ऐकला होता. पण तो ऐकून आपल्या बागेत उद्या काय करायचं, हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. तेच कसं कळून घ्यायचं, ते इथे लिहिते. नाशिक जिल्ह्यात ज्यांचं काम उघड्यावर आहे, त्या सगळ्यांना हे लागेल. फक्त पिकाच्या जागी आपलं काम धरा.

पहिलं मोठ्या अंदाजाबद्दल. हवामान खातं फेब्रुवारी संपता संपता मार्च ते मे असा तीन महिन्यांचा अंदाज देतं आणि मार्चच्या शेवटी एप्रिल ते जूनचा. त्याच्यासोबत रंगीत नकाशा येतो. आपला जिल्हा त्यात गडद लाल दिसला की फोनाफोनी सुरू होते, "यंदा 45 जाणार म्हणे." पण किती अंश तापणार, हे तो रंग सांगतच नाही. सरासरीपेक्षा जास्त तापण्याची शक्यता किती, एवढंच तो सांगतो. सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतकं आणि सरासरीपेक्षा जास्त असे तीन कप्पे असतात. कुठलीच माहिती हाती नसती तर प्रत्येक कप्प्याला सारखे 33 टक्के आले असते. 'जास्त'च्या कप्प्यात 60 टक्के आले, तर उरलेले 40 टक्के बाकीच्या दोन कप्प्यांत आहेत, हे ध्यानात ठेवायचं. आणि सरासरी म्हणजे 1991 ते 2020 या तीस वर्षांची.

या अंदाजावरून मी फक्त सावकाश करायची कामं ठरवते. शेडनेट घ्यायची का, विहिरीचं पाणी मेअखेर पुरवायचं तर किती वेल धरायचे, खरड छाटणी, म्हणजे द्राक्षं काढून झाल्यावरची उन्हाळी छाटणी, आठ दिवस अलीकडे ओढायची का, एवढंच. कांदा कोणत्या तारखेला उपटायचा ते या अंदाजातून कधीच काढू नका.

त्याच पत्रकात आणखी दोन गोष्टी असतात आणि लोक त्या सोडून देतात. एक, किमान तापमानाचा अंदाज. दुसरी, उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त राहतील का. मी किमान तापमान आधी वाचते. रात्र थंड झाली तर माणूस, गाय आणि वेल तिघंही दिवसभराची धग सोसून पुन्हा उभी राहतात. रात्रच उकडली की दुसऱ्या दिवसाचं ऊन थकलेल्या अंगावर पडतं.

लाट जाहीर झाली नाही, म्हणून ऊन कमी नाही

सपाट प्रदेशात उष्णतेची लाट म्हणायची तर कमाल तापमान निदान 40 अंश हवं आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी जास्त हवं. त्याहून जास्त फरक पडला तर तीव्र लाट. पारा थेट 45 ला गेला तर सरासरी न बघताही लाट धरतात. शिवाय हवामान उपविभागात किमान दोन ठिकाणी सलग दोन दिवस असं व्हावं लागतं आणि लाट जाहीर होते ती दुसऱ्या दिवशी.

हे आपल्याला लावून बघा. नाशिकची एप्रिल-मेची दुपार सरासरी 37-38 च्या आसपास असते. साडेसदतीस धरली तर लाटेसाठी 42 लागतील. म्हणजे पारा आठ दिवस 40 वर बसून राहिला, बाया शेतात चक्कर येऊन बसायला लागल्या, तरी 'लाट' हा शब्द बातमीत येणार नाही. मी 39 ला कामाची वेळ बदलते. कागदावर लाट आहे की नाही ते बघत थांबत नाही.

आणि 39 हा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. उन्हात वाकून काम करणाऱ्या बाईच्या पाठीला त्याहून कितीतरी जास्त धग लागते. घरचा थर्मामीटरही म्हणूनच सावलीत लावा. वारा खेळता हवा, पत्र्यापासून लांब, उत्तरेच्या अंगाला. माझा पहिला मी गोठ्याच्या पत्र्याखाली लावला होता. त्या महिनाभराच्या नोंदी मला पुढे खोडाव्या लागल्या.

जिल्हा एक, हवा तीन

अंदाजात आपण 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात येतो. नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत सगळे त्यातच. त्यामुळे 'मध्य महाराष्ट्रात' एवढंच ऐकून काही ठरवू नका, जिल्ह्याचा तक्ता उघडा. पण जिल्ह्याचा आकडाही तालुक्याला लागू पडेलच असं नाही. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, मालेगाव त्याच्यापेक्षा दीडेकशे मीटर खाली, गिरणेच्या खोऱ्यात, खान्देशाच्या तोंडाशी. आमच्याकडे 38 तेव्हा मालेगावात 41-42 हे दर वर्षीचं आहे. इगतपुरी घाटाच्या माथ्यावर. तिथे संध्याकाळी समुद्राकडचा वारा चढून येतो आणि दमट करतो.

माझी बहीण मालेगावला दिली आहे आणि भाचा घोटीला असतो. उन्हाळ्यात रोज सकाळी दोघांना एकेक फोन. बहिणीला विचारते, "ताई, रात्री गच्चीवर झोप लागली का?" भाच्याला विचारते, "घाटात ढग अडकलेत का रे?" मालेगावची रात्र तापली की एक-दोन दिवसांत आमची तापते. घोटीत सकाळी ढग आणि ओल दिसली की आमच्या ओल्या थर्मामीटरवर ती दुपारपर्यंत उमटते. माझ्या वहीत हे इतक्या वेळा जुळलं आहे की आता फोन चुकला तर मला चैन पडत नाही. तुमचेही नातेवाईक जिल्हाभर असतील. लग्नाच्या याद्यांपुरतेच त्यांना फोन करू नका.

सोबत एक रकाना ठेवा, 'अंदाज आणि आपलं'. अंदाजात आदल्या दिवशी आलेला कमाल आकडा आणि आपल्या पडवीतला आकडा, यांतला फरक लिहायचा. पंधरा दिवसांत कळतं की आपलं गाव अंदाजापेक्षा एक अंश कमी राहतं की दोन अंश जास्त. पुढे कुठलाही अंदाज आला की तेवढी दुरुस्ती करून वाचायचा.

शब्द मोजून वापरलेले असतात

अंदाजातले शब्द सहज लिहिलेले नसतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून जास्त, पाऊण हिश्शापर्यंत. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याच्याही पुढे. हा शब्द पावसाचा पसारा सांगतो, जोर सांगत नाही. तुरळक ठिकाणी पडणारा वळीव ज्या शिवारात पडतो, तिथे तो पूर्णच पडतो. आमचा घात याच शब्दाने केला. एप्रिल 2023 मध्ये अंदाजात 'तुरळक ठिकाणी गारपीट' होतं आणि आम्ही म्हणालो, तुरळक म्हणजे आपल्याकडे नाही. एक एकर कांदा उपटून वावरात पसरला होता. त्या महिन्यात जिल्ह्यात गारांनी किती शेतं झोडपली ते सगळ्यांना आठवत असेल. आमचं त्यातलंच एक.

रंगांचं थोडक्यात. हिरवा म्हणजे काही इशारा नाही, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता कृती करा. रंग कशासाठी दिला आहे ते मात्र खाली वाचा. एकाच आठवड्यात जिल्ह्याला उष्णतेचाही यलो येतो आणि विजांचाही, आणि दोन्हींत करायची कामं उलटी आहेत.

मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान खातं आणि कृषी विद्यापीठ यांचा शेतीसाठीचा सल्ला येतो. 'मेघदूत' ॲपवर तो मराठीत मिळतो. त्यातला पुढच्या पाच दिवसांचा तक्ता मी वहीत उतरवून घेते. पहिल्या तीन दिवसांवर काम ठरवते, शेवटचे दोन दिवस पेन्सिलने लिहिते. विजांसाठी 'दामिनी' ॲप ठेवा, ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलं आहे. दर तीन तासांचा तात्काळ अंदाजही येतो. कांदा वावरात असेल तेव्हा दुपारी दोननंतर मी तो बघितल्याशिवाय घर सोडत नाही.

माठ आणि ओली चिंधी

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते.

माठातलं पाणी गार होतं, कारण ते मातीतून झिरपून बाहेर वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर भराभर वाळतं, पाणी थंडगार. हवेत ओल आली की वाळणं मंदावतं आणि माठ कोमट राहतो. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "माठ रुसला, आभाळ येणार." ओली चिंधी बांधलेला थर्मामीटर तेच आकड्यात सांगतो. कोरडा 39 आणि ओला 22 दाखवत असेल तर हवा खडखडीत कोरडी आहे. ऊन कडक, पण घाम वाळतो, कांदा वाळतो. कोरडा 36 वर उतरला आणि ओला 27 वर चढला, तर लोक म्हणतात आज तीन अंश कमी आहे. खरं तर तो दिवस जास्त वाईट आहे. घाम अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही, आणि वळवाला लागणारी ओल येऊन बसलेली असते.

एप्रिलमध्ये वारा वायव्येकडून, गुजरात-राजस्थानच्या बाजूने असला की हवा कोरडी. अंदाजात 'विदर्भापासून दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा' असं वाक्य दिसलं की सावध व्हा. अशा वेळी दोन्ही समुद्रांकडची ओल आत ओढली जाते, तापलेल्या जमिनीवरून ती वर उसळते आणि पुरेशी उंच गेली की थेंब गोठून गारा होतात. ऊन जितकं तापलेलं, तितका हा उसळा मोठा.

मी चार खुणा बघते. दोन दिवसांत पहाटेचा आकडा तीन-चार अंशांनी वर गेला का. दोन थर्मामीटरमधलं अंतर दहाच्या आत आलं का. वारा फिरून दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा झाला का. आणि दुपारी दोनच्या सुमारास चांदवडच्या डोंगरांवर फुलकोबीसारखे ढग चढायला लागले का. आमच्याकडे वळीव बहुतेक वेळा त्याच बाजूने येतो. यातल्या दोन खुणा जुळल्या आणि अंदाजात 'तुरळक' का होईना विजांचा पाऊस असला, की त्या दिवशी कांदा उपटायचा नाही. जमिनीत असलेला कांदा एक पाऊस सोसतो, उपटून उघडा पडलेला सोसत नाही.

उपटायचा कधी? निम्म्या कांद्यांच्या पाती मानेत मोडून पडल्या, पाणी तोडून पंधरा दिवस झाले आणि पुढचे चार दिवस अंदाजात कोरडे आहेत, असं तिन्ही जमलं की. उपटल्यावर ओळीनं असा ठेवा की दुसऱ्या ओळीची पात पहिल्या ओळीच्या कांद्यावर येईल. 40 अंशांत उघडा कांदा एका दुपारीत भाजतो. तो डाग आधी कळत नाही, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, महिन्याभराने सडून कळतो. तीन-चार दिवस असा सुकला की मान दोन-तीन सेंटिमीटर ठेवून खांडायचा आणि सावलीत दहा-बारा दिवस पातळ थरात ठेवायचा. मगच चाळ. चाळीत चार-पाच फुटांपेक्षा उंच थर नको, खालून हवा हवीच.

उपटलेला कांदा पडून आहे आणि ढग आलेच, तर एकाच मोठ्या ढिगाच्या मागे लागू नका. छोटे ढीग, वर पात, त्यावर ताडपत्री, कडांना दगड, भोवती नांगराने एक चर. पाऊस थांबला की तासाभरात ताडपत्री काढा. पावसानंतरच्या उन्हात ताडपत्रीखाली कांदा शिजतो. निम्मं नुकसान पावसाने होतं आणि निम्मं न काढलेल्या ताडपत्रीने. भिजलेला कांदा वेगळा ठेवा आणि आधी विका, चाळीत अजिबात घालू नका.

गडगडाट ऐकू आला की मात्र ताडपत्री सोडून द्या. बाया-माणसं घरात किंवा गाडीत. झाडाखाली नाही, विहिरीवर नाही, लोखंडी अँगलच्या मांडवाखालीही नाही.

माणसांच्या वेळा

आमच्याकडे रीत अशी की सकाळी नऊला काम सुरू, बाराला जेवण, एकला पुन्हा वावरात. सूर्य डोक्यावर आला की जेवायचं, एवढाच हिशेब. 20 मेच्या सुमारास नाशिकला साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. पण हवा सर्वांत तापते दोन ते चारमध्ये. म्हणजे जेवून उठलेल्या बाया बरोबर सगळ्यांत वाईट वेळेला वावरात जातात. आम्ही सहा ते साडेदहा आणि साडेचार ते सात अशी वेळ केली. मजुरी पूर्ण देतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या गटातल्या बायांनी आधी नको म्हटलं, कारण पहाटे घरचं पाणी-स्वयंपाक असतो. मग पहाटेचा चहा आणि न्याहारी आमच्याकडे ठेवली, तेव्हा जमलं.

हे बदलायला कारण झालं. कोरडा 36, ओला 27 अशीच एक दुपार होती. आकडा कमी म्हणून मी काम चालू ठेवलं. तीनच्या सुमारास आमच्या गटातली एक काकू भलतंच बोलायला लागली, उभी राहीना. अंग तापलेलं. सुदैवाने शेजारच्या पोराला कळलं काय करायचं ते. सावलीत आडवं करून लुगडं सैल केलं, अंगभर पाणी ओतलं, दोघांनी सुपाने वारा घातला आणि 108 ला फोन केला. ती वाचली. बडबड, झटके, शुद्ध हरपणं आणि भट्टीसारखं अंग म्हणजे उष्माघात. तिथे आधी अंग गार करायचं, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही आणि शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

रोजच्यासाठी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पन्हं, ताक जोडीला चांगलंच. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला पेला फिरवायचा. शेतात जवळ आडोसा नसतो, म्हणून बाया पाणी कमी पितात. हे कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. बांधाला चार बांबू आणि जुनी साडी लावून आडोसा करा, पाणी पिणं आपोआप वाढतं.

गाईंना वैरण पहाटे आणि रात्री, दुपारी फक्त पाणी आणि गोठ्यावर ओलं गोणपाट.

द्राक्षाची खरड छाटणी झाली असेल आणि पाच दिवसांच्या तक्त्यात 40 च्या पुढचे कोरडे दिवस असतील, तर ओलांड्यांवर (वेलाच्या आडव्या फांद्यांवर) सकाळ-संध्याकाळ पाण्याची फवारणी करा आणि बोदावर (वेलाखालच्या मातीच्या वरंब्यावर) पाचट पसरा. नाहीतर काडीवरचे डोळे (कोंब) मागेपुढे फुटतात आणि पुढच्या हंगामापर्यंत काड्या सारख्या होत नाहीत.

मेच्या मध्यानंतर मी अंदाजावर भरवसा ठेवून कांदा बाहेर ठेवत नाही. मान्सून केरळात 1 जूनला आणि मुंबईत 11 जूनला येतो, ही सरासरी झाली. 2025 मध्ये तो 24 मेला केरळात पोचला आणि दोन दिवसांत मुंबईत. त्याआधीचा मे महिनाही पावसातच गेला आणि जिल्ह्यात कितीतरी कांदा वावरात नासला. आमचा 12 मेला चाळीत होता.

वही आजपासून सुरू करायची तर एका दिवसाला एक ओळ पुरते. माझ्या वहीतली ही एक:

पहाट 20, दुपार कोरडा 39, ओला 22. वारा वायव्य. मालेगावला रात्री झोप लागली. घोटीत आभाळ स्वच्छ. माठ गार. खालचं वावर उपटायला घेतलं.